मेळाव्याला येतं कोण?

विषय मास्तरांनी काढला. वस्तीत ‘सद्भावना मेळावा’ घ्यायचा. सगळ्या जातीधर्मांचे, सगळ्या वयांचे लोक बोलवायचे, दोन व्याख्यानं, थोडी गाणी, शेवटी एकमेकांची ओळख.

“आणि फोटो,” वकील म्हणाला. “मास्तर, असल्या मेळाव्याला येतं कोण? ज्यांच्या अंगात आधीच सद्भावना ओसंडतेय तेच. बाकीचे घरी बसून तुमच्या माइकला शिव्या घालणार.”

“माणसं भेटलीच नाहीत तर जवळ येणार कशी?”

“नुसती भेटूनही येत नाहीत,” मी मध्ये तोंड घातलं. १९५४ साली अमेरिकेत मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने शिबिरातल्या मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात स्पर्धा लावल्या. वैर पेटलं. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर पोरांनी अन्नच एकमेकांवर फेकलं. वैर निवळायला लागलं ते पाणी बंद पडल्यावर आणि जेवण आणणारा ट्रक अडल्यावर. रस्सीखेचीत ज्या दोराने एकमेकांना ओढलं होतं, त्याच दोराने दोन्ही गटांनी मिळून ट्रक ओढला. (पाणी आणि ट्रक, दोन्ही संशोधकांनीच अडवलेलं, हा भाग वेगळा.)

वकिलाने लगेच पकडलं. “सगळी पोरं एकाच वर्णाची, एकाच धर्माची, एकाच थरातली होती. यात विविधता कुठंय?”

मुद्दा बिनतोड होता. पण मला त्यातून उलटंच दिसतं: इतक्या सारख्या पोरांनाही नुसत्या पंगतीने जोडता आलं नाही, मग आपल्या खुर्च्यांच्या रांगा काय दिवे लावणार?

मास्तरांनी डेन्मार्कचं ‘मानवी ग्रंथालय’ पुढे केलं. २००० साली एका संगीत महोत्सवात सुरू झालेला उपक्रम. पुस्तकाऐवजी माणूस वाचायला घ्यायचा, समोरासमोर बसायचं आणि एरवी विचारायला जीभ रेटत नाही ते विचारायचं. हे मला पटतं. पण तिथेही जाणारा मुळात कुतूहल घेऊनच जातो. वकिलाचा प्रश्न तसाच उरतो.

“मला ते दुरुस्तीवालं आवडतं,” इतका वेळ गप्प बसलेला आमचा इलेक्ट्रिशियन म्हणाला. ‘रिपेअर कॅफे’ २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला मार्टिन पोस्टमा या बाईंनी सुरू केला. लोक बिघडलेली वस्तू आणतात आणि जाणकाराशेजारी बसून दुरुस्त करतात. सद्भावनेचं नावही कुणी काढत नाही. इस्त्री बंद पडली म्हणून माणूस येतो, आणि ज्याच्याशी कधी बोलला नसता त्याच्यासमोर टॉर्च धरून बसतो. शिकणंही तिथेच होतं, साठीतल्या माणसाचंसुद्धा.

“म्हणजे फुकटचं दुकान!” मास्तर.

“दुकान कसलं? वस्तू टाकून जाणाऱ्याचं मी घेणारच नाही. शेजारी बसायचं, स्क्रू स्वतः काढायचा. फ्यूज गेलाय की वायर तुटलीय, ते आधी त्याने सांगायचं.”

“मग माझी इस्त्री घरीच राहील,” वकील म्हणाला. “आणि तुझ्या टेबलाशी एखादी बाई एकटी येईल? की इथेही चार पुरुष कोंडाळं करून उभे?”

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं, कारण कट्ट्यावर तेव्हा एकही बाई नव्हती. शेवटी इलेक्ट्रिशियन म्हणाला, दोन टेबलं मांडू, एकावर शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाईंना बसवू, आणि वेळ काय ठेवायची तेही त्यांनाच विचारू.

मास्तर तयार झाले. फक्त सुरुवातीला दहा मिनिटं माइक हवा म्हणाले. त्यावरून वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.