घरात 'मदत' कशी करावी

आधी शब्द पक्का करा: मदत. 'काम' म्हटलं की ते आपलं होतं. 'मदत' म्हटली की ते बायकोचंच राहतं आणि शाबासकी आपल्याला मिळते.

सुरुवात रविवारच्या पोह्यांनी करावी. चौघांना साधारण चार वाट्या जाडे पोहे. शहाणी माणसं ते चाळणीत घेऊन नळाखाली धुतात, निथळतात आणि दहा मिनिटं झाकून ठेवतात. तुम्ही ते पातेलंभर पाण्यात बुडवा आणि मोबाईल बघायला जा. लगदा तयार. तेल नीट तापायच्या आत मोहरी टाका. ती तडतडत नाही, दाताखाली येते. हळद ओट्यावर सांडली तर भांडी पुसायच्या पांढऱ्या फडक्यानेच पुसा, म्हणजे तुमचा पराक्रम दिवाळीपर्यंत दिसत राहील. कढई, पातेलं, चाळणी, दोन झारे, चार वाट्या, खोबऱ्याची किसणी असा ऐवज सिंकमध्ये रचून ठेवा. घासायचा नाही. वरून कोथिंबीर पेरून फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका. 'नशीबवान आहेस गं!' हे मावशींनी तिलाच लिहायचं असतं.

कुकर लावायची पाळी आली तर दर वेळी विचारा, "शिट्ट्या किती?" 2011च्या फायनलला धोनीने 79 चेंडूंत नाबाद 91 काढल्या हे पाठ असायला हरकत नाही, वरणाच्या शिट्ट्या मात्र पाठ होता कामा नयेत. फक्त कुकरच्या तळाला पाणी घालायला विसरू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, आणि तो बदलून आणायचं तुमच्याच गळ्यात पडतं.

मंडईत जरूर जा, पण संध्याकाळी उशिरा. थंडीत चार जुड्या मेथी आणि तीन किलो मटार घेऊन आठला घरी या. "स्वस्त मिळाला!" आणणं तुमचं झालं. निवडणं-सोलणं कुणाचं, हे पिशवी ओट्यावर ठेवल्यावर आपोआप ठरतं.

कचऱ्याचंही तसंच. कचरा न्यायला 'स्वच्छ' संस्थेच्या ताई आल्या की डबा दारात नेऊन देणं ही मदत. ओला-सुका आदल्या रात्रीच वेगळा झालेला असतो. कसा, या खोलात शिरू नये.

खरं कौशल्य लक्षात न ठेवण्यात आहे. सिलिंडरचा नंबर कधी लावायचा, आईच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्या, धाकट्याचा दीड वर्षाचा बूस्टर झाला का, कामवाल्या मावशी गुरुवारी येणार की नाही. यातलं काही हाताने करावं लागत नाही, म्हणून दिसतही नाही. तुम्ही एवढंच म्हणायचं: "तू फक्त सांग, मी लगेच करतो."

कुणी 2024चं सरकारी वेळवापर सर्वेक्षण तोंडावर फेकलंच (घरकामाला बायका दिवसाला 289 मिनिटं देतात, पुरुष 88), तर दचकू नका. ती सरासरी घरात काहीतरी करणाऱ्यांचीच आहे. अजिबात न करणारे तिच्यात धरलेलेच नाहीत. म्हणजे तुम्ही सुटलात.

ती तापाने झोपली असेल, तेव्हा मात्र मागे हटू नका. चहा तुम्हीच ठेवा. दोन कप पाणी, दोन चमचे पावडर, मग बेडरूमच्या दारात जाऊन साखर कुठे आहे ते विचारा. डबा गॅसशेजारीच असतो, त्यामुळे विचारताना ओट्याकडे पाठ हवी.