रॉस पेरोंनी बुशना पाडलं? जरा बेरीज-वजाबाकी करू

गेल्या महिन्यात तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड आला: 'नौदलातला युद्धवीर रॉस पेरो हजार डॉलरवर, सरकारच्या पैशाला हात न लावता अब्जाधीश झाला. १९९२ मध्ये अध्यक्षपदाला उभा राहिला, मतं खाल्ली, म्हणून थोरले बुश पडले.' माणूस मोठाच होता, पण ही गोष्ट भलतीच इस्त्री केलेली आहे.

युद्धवीर? पेरो ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले जून १९५३ मध्ये. तेव्हा चालू असलेल्या कोरियन युद्धात शस्त्रसंधी झाली २७ जुलैला, म्हणजे लढाई संपतच आली होती. पुढची चार वर्षं विनाशिका आणि विमानवाहू नौकेवर गेली. त्यातही १९५५ मध्ये त्यांनी मुदतीआधी नौदलातून मुक्त करण्याची मागणी केली, कारण जहाजावरची शिवराळ भाषा आणि एकूण वागणूक या धर्मभीरू माणसाला सहन होईना. अर्ज फेटाळला गेला.

हजार डॉलर खरे, पण ते पत्नी मार्गो यांच्या बचतीतले. खरं भांडवल होतं आयबीएममधली पाच वर्षांची विक्री. १९६२ चं वर्षाचं टार्गेट त्यांनी जानेवारीतच पुरं केलं होतं, असं ते सांगत. त्याच वर्षी, बत्तिसाव्या वाढदिवशी, ईडीएस (इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स) ही स्वतःची कंपनी काढली. स्वतःचा संगणक नव्हताच. डॅलसमधल्या एका विमा कंपनीचं यंत्र बराच वेळ रिकामं बसायचं. तो वेळ विकत घ्यायचा आणि ज्याच्याकडे काम तुंबलंय त्याला विकायचा. गिरणी दुसऱ्याची, दळणही दुसऱ्याचं, मधला पैसा यांचा. अक्कल लागते याला, नाही कशाला म्हणू?

पण 'सरकारच्या पैशाला हात नाही' वाचून मात्र हसू आलं. १९६५ मध्ये अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर आलं, बिलांचे डोंगर उभे राहिले. ती बिलं निपटण्याची कंत्राटं ईडीएसला मिळाली, आणि कंपनी फुगली ती त्यावर. १९६८ मध्ये शेअर बाजारात आली, १९८४ मध्ये जनरल मोटर्सने अडीच अब्ज डॉलरना घेतली.

आता मतं. पेरोंना १ कोटी ९७ लाख मिळाली, म्हणजे सुमारे १९ टक्के. बुश निवडणूक जिंकलेल्या बिल क्लिंटनपेक्षा ५८ लाखांनी मागे होते. नुसत्या मतसंख्येत पुढे जायलासुद्धा पेरोंच्या दर तीन मतदारांतले जवळजवळ दोन बुशकडे वळायला हवे होते, तेही सगळे मतदानाला आले असते तर. मतदान करून बाहेर पडलेल्यांना तेव्हा विचारलं होतं: पेरो नसते तर कोणाला? ३८ टक्के म्हणाले बुश, ३८ टक्केच म्हणाले क्लिंटन. उरलेल्यांतले बरेच घरीच बसणार होते.

शिवाय पेरो १६ जुलैला शर्यतीतून बाहेर पडले होते, परतले थेट १ ऑक्टोबरला. मधले अडीच महिने मैदान बुशना मोकळंच होतं, आणि तेव्हाही जनमत चाचण्यांत पुढे होते क्लिंटनच.