आमसुलाची गोळी आणि बोस्टनचे उंदीर : निपाणीच्या वाचकाला उत्तर

आण्णा, प्रतिक्रिया सणसणीत आहे. तुमचं म्हणणं असं की, चरबी उतरवणाऱ्या आमसुलाच्या गोळ्यांवर मी उगाच तोंडसुख घेतलं, तुम्ही फॉरवर्ड केलेला, चरबीचा रक्तपुरवठा तोडून लठ्ठ उंदीर बारीक केल्याचा 2002 सालचा प्रयोग दडवला, आणि खानापूरकडचं आमसूल आमटीत चालतं तर गोळीत का नको?

प्रयोग खराच आहे, रक्तवाहिन्यांच्या वाढीवर संशोधन करणारे बोस्टनचे डॉक्टर ज्यूडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेतला. चरबी वाढायची तर तिला रक्त लागतं. बेळगावभोवती नवं लेआऊट पडलं की आधी जेसीबी येतो, मग नळाची पाइप, तसंच हे. फुगलेल्या चरबीपेशींना ऑक्सिजन कमी पडला की त्या नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. मग मेटॅलोप्रोटीनेज ही एन्झाइम्स पेशींभोवतालचं जाळं कापून नव्या केशवाहिन्यांना वाट करून देतात. हे कापणं, किंवा वाहिन्यांची वाढच, रोखणारी औषधं दिली तेव्हा लठ्ठ उंदीर बारीक झाले. औषध थांबल्यावर वजन परत आलं. ते तुमच्या फॉरवर्डमध्ये नव्हतं की वो!

त्यातलं एक औषध टीएनपी-470. ते वाहिन्यांच्या वाढीला लागणारं मेथिओनाइन अमिनोपेप्टिडेज-2 हे एन्झाइम बंद पाडतं. त्याच एन्झाइमवरचं बेलोरॅनिब हे औषध पुढे माणसांना देऊन पाहिलं. भूक मेली, वजनही उतरलं. गंमत म्हणजे डोस इतका कमी होता की, रक्तवाहिन्या रोखल्यामुळे हे झालं असं ते बनवणारेही म्हणत नव्हते. पण प्रॅडर-विली या सतत भूक लागणाऱ्या जन्मजात आजाराच्या चाचणीत दोन रुग्ण फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकून दगावले आणि 2016 मध्ये कंपनीनं ते औषध सोडलं. अंगात गेलेलं औषध फक्त पोटाच्या चरबीपाशी थांबत नाही. जखम भरायलाही नव्या वाहिन्या लागतातच.

आता आमसूल. बहुतेक बाटल्यांत आमसूल नसतंच, त्याचं भावंड असतं. शिरसीकडे त्याला उप्पागे म्हणतात. त्यातलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल एटीपी सिट्रेट लायेज हे एन्झाइम अडवतं, म्हणजे साखरेपासून चरबी बनण्याच्या वाटेवरचं. चरबीच्या रक्तपुरवठ्याशी या दाव्याचा संबंध नाही. उंदरांचं चित्र तिथं उसनं आणलंय. आणि 1998 साली 135 माणसांवर ते 12 आठवडे तपासलं, तेव्हा खोट्या गोळीपेक्षा वजनात फरक दिसला नाही. उलट अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीत दोन सोलं पडतात, गोळीत त्याचा अर्क भरतात. दोन्ही एक कसं धरायचं?

एन्झाइम रोखून वजन उतरवणारं मान्य औषध हवंच असेल तर ऑर्लिस्टॅट आहे. ते आतड्यातलं, तेलतूप पचवणारं लायपेज हे एन्झाइम अडवतं, खाल्लेल्या तेलातुपापैकी साधारण 30 टक्के पचत नाही. मटणाच्या जेवणानंतर कपडे तेलकट होतात, तेवढं सोसायचं. तेही डॉक्टरांना विचारूनच.

तुमचे मेव्हणे शुगरच्या गोळ्यांबरोबर ही बाटली घेतात म्हणता. ती बाटली आज बंद करायला सांगा, आणि डॉक्टरांना विचारून एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घ्या. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' छापलंय का, तेवढं चष्मा लावून वाचून मला कळवा.