बांबू सळईची जागा घेत नाही
‘बांबू पोलादापेक्षा मजबूत, म्हणून स्लॅबमध्ये सळईऐवजी बांबूच्या कामट्या टाका’ हा फिरणारा सल्ला धोकादायक आहे. ताकदीची ती तुलना वजनाच्या हिशेबात, तीही फक्त तंतूंच्या दिशेने खरी ठरते. ताठरपणात बांबू पोलादाच्या साधारण दहावा हिस्सा, अनेकदा त्याहून कमी. त्यामुळे स्लॅब जास्त वाकतो, तडे रुंदावतात. शिवाय ओल्या काँक्रीटमधले पाणी शोषून कामटी फुगते, सुकल्यावर आकसते आणि पकड सुटते. आत ती कुजली तर बाहेरून कळतही नाही, हे सर्वांत वाईट.

बांबू खांब, कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), वासे यांसाठीच वापरा: 3 ते 5 वर्षांचा, बोरॅक्स-बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवलेला, जोत्यावर उचललेला, रुंद छपराखाली कोरडा राहणारा. बोल्ट बांबूच्या पेरावरच्या गाठीजवळ घ्या, नाहीतर बांबू उभा चिरतो.