तिकीट कुणी काढलं?

बापूचं म्हणणं सरळ होतं. पैसा असला की कुणीही फिरतं, आणि फिरून आलं की कुणीही लिहितं. त्यात बाई असण्याचं एवढं काय कौतुक? मंजिरीच्या पिशवीतून मीना प्रभूंचं 'गाथा इराणी' डोकावत होतं, तेवढं निमित्त त्याला पुरलं.

"डॉक्टर बाई, लंडनला राहायची, पौंडात कमवायची. तिला इराण काय नि मेक्सिको काय, सारखंच," बापू म्हणाला.

"लंडनला मराठी डॉक्टरांची कमी आहे का रे?" मंजिरी म्हणाली. "त्यातल्या कितींनी 'दक्षिणरंग' लिहिलं, सांग बरं."

एरवी वाद इथेच मिटला असता, पण तलावपाळीच्या कट्ट्यावर शैला असते. तिची सगळी नोकरी बँकेच्या ऑडिटमध्ये गेली. कुणी पैशाचं नाव काढलं की तिचा चष्मा आपोआप नाकावर येतो. "मग हिशेबच करू या," ती म्हणाली. "जुन्या जुन्या बायका काढा. एकेकीचं तिकीट कुणी काढलं ते बघू."

बापूने लगेच पहिला पत्ता टाकला, आणि पत्ता चांगला होता. एमिली ईडन. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडची बहीण. 1837 साली भावाबरोबर कलकत्त्याहून सिमल्याकडे निघाली तेव्हा लव्याजम्यात बारा हजारांच्या आसपास माणसं, शिवाय हत्ती, उंट आणि घोडे. खर्च कंपनी सरकारचा, म्हणजे शेवटी रयतेचा. त्याच वर्षी उत्तरेत दुष्काळ पडलेला, आणि हा तांडा त्यातूनच चाललेला. तिची ती पत्रं 1866 साली पुस्तकरूपाने छापली गेली. बाई विलक्षण तिरकस आणि हुशार, भुकेली माणसंही तिने पाहिली आणि लिहिली, पण पाहिली ती तंबूच्या दारातून.

"मान्य," शैला म्हणाली. "एक बापूच्या खात्यात. पण त्याच काळात, त्याच मुलखात फॅनी पार्क्सही होती. नवरा अलाहाबादला कस्टममधला साधा अधिकारी. ही त्याला घरी ठेवून होडी घेऊन यमुनेतून ताजमहाल बघायला गेली. आणि फत्तेगडला तिला कोण भेटलं, माहितीये? आपल्या बायजाबाई शिंदे!"

इथे नंदू जागा झाला. कागलच्या घाटग्यांची लेक, दौलतराव शिंद्यांची राणी म्हटल्यावर तो ऐकणारच. दौलतराव गेल्यावर बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार पाहिला, 1833 साली दत्तक मुलाशी बिनसलं आणि त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं. छावणी टाकून राहिलेल्या या बाईंकडे फॅनी जाऊन-येऊन असायची. मराठा बायकांना घोड्यावर बसलेलं तिने पाहिलं, दोन्हीकडे पाय टाकून आणि कासोटा घालून. त्यांनी हिचं एका बाजूला पाय लोंबकळवत बसणं पाहिलं. त्या मेमसाहेबी खोगिराचं बायजाबाईंच्या मंडळींना भारी नवल वाटलं. मग फॅनीही त्यांच्यासारखी बसून बघते, आणि हेच बरं असं तिचं मत होतं. तिचं पुस्तक 1850 चं. आपल्या इतिहासात बायजाबाई तहनाम्यांत आणि कर्जाच्या कागदांत सापडतात. घोड्याच्या गप्पा मारणाऱ्या बायजाबाई मात्र या परदेशी बाईच्या वहीत आहेत.

"पण पैसे नवऱ्याचेच ना?" बापू सोडेना.

"हो. नवऱ्याचेच. लिहून ठेव."

मग शैलाने तिची लाडकी काढली, व्हिएन्नाची इडा फायफर, जन्म 1797. लग्न चोवीस वर्षांनी मोठ्या वकिलाशी, पुढे त्याची वकिली बसली. घरात खायची चणचण, पण अब्रूचं घर, तेव्हा ही लपूनछपून संगीताच्या शिकवण्या घेऊन मुलांना भरवायची. मुलं हाताशी आल्यावर, 1842 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा निघाली. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे कॉन्स्टँटिनोपलला चाललेय. गेली जेरुसलेमला. त्या प्रवासाचं पुस्तक निनावी छापलं आणि त्या पैशावर आइसलँड केलं. पुढे दोन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा. किडे, मासे, वनस्पती गोळा करायच्या, संग्रहालयांना विकायच्या आणि पुढचा मुक्काम गाठायचा.

"आणि ही आपल्याकडे येऊन गेलीय," शैला म्हणाली. "1848 साली दिल्लीहून मुंबईपर्यंत. बराचसा रस्ता बैलगाडीने. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद सगळं बघत. रेल्वे यायला अजून पाच वर्षं होती."

मला तिची सुमात्रातली गोष्ट सगळ्यात आवडते. तिथल्या बटक लोकांच्या मुलखात, जिथे नरभक्षणाची वदंता होती, भालेवाल्यांनी तिला अडवलं. मारून खाऊ, अशा खुणा करायला लागले. ही मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, मी म्हातारी आहे, माझं मांस चिवट लागेल. ते हसले आणि वाट मोकळी झाली. बर्लिन आणि पॅरिसच्या भूगोल संस्थांनी तिला मानाचं सभासदत्व दिलं. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं दार बायकांना बंदच होतं. ते किलकिलं झालं 1892 साली, इझाबेला बर्ड वगैरे मोजक्या जणींसाठी, आणि तेही पुढच्याच वर्षी पुन्हा लावून घेतलं.

"हिचं तिकीट कुणाचं, बापू?"

बापूने चहाचा ग्लास खाली ठेवला. "पाचपन्नास अपवाद सगळीकडे असतात गं."

"अपवादच मोजतोय आपण. प्रवासलेखिका हाच मुळी अपवाद."

इतका वेळ गप्प असलेला अभय इथे मध्ये पडला. त्याचा मुद्दा वेगळा होता आणि मला तो अधिक पटला. तिकीट कुणाचं यावर बाईची लायकी ठरत नाही, पण तिला काय दिसणार ते मात्र ठरतं. त्याने नेली ब्लायचं उदाहरण दिलं. 1889 मध्ये न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्राने पाठवलं, एका बॅगेनिशी बहात्तर दिवसांत जग पालथं घातलं, गाजावाजा झाला. पण पैसे वर्तमानपत्राचे आणि वर्तमानपत्राला हवा विक्रम. मग बंदरं, बोटी आणि घड्याळ याखेरीज दिसणार काय? कोलंबोला बोटीची वाट बघण्यात दिवस गेले, त्याचा तिला मनस्ताप. इडाला तोच मुक्काम मिळता तर तिने चार पेट्या शिंपले गोळा केले असते.

"आणि मेरी किंग्जली," अभय म्हणाला. "ती बघा. पश्चिम आफ्रिकेत गेली ती व्यापारी म्हणून. कापड, मासे धरायचे गळ, तंबाखू असला माल द्यायचा आणि बदल्यात रबर, हस्तिदंत घ्यायचं. धर्म सांगायला नाही, राज्य करायला नाही, विकायला आलेली बाई. गावात शिरायला हे कारण लोकांना कळतं. म्हणून तिचं 1897 चं पुस्तक मिशनरी आणि सरकारी साहेबांना झोंबलं. सिएरा लिओनमध्ये झोपड्यांवर बसवलेल्या घरटी कराविरुद्ध ती जाहीर बोलली."

जनावरासाठी खणलेल्या खड्ड्यात ती पडली, खाली अणकुचीदार खुंट, आणि जाड लोकरी घागऱ्याने वाचवलं, हा किस्सा नंदूलाही ठाऊक होता. त्याला ठाऊक नव्हतं ते हे, की हीच बाई मायदेशी बायकांच्या मताधिकाराच्या विरोधात होती. "मग कसली मोठी?" नंदू म्हणाला. मोठ्या माणसांनी सगळ्या बाबतींत आपल्यासारखंच असावं, हा नंदूचा जुना हट्ट आहे. त्यामुळे त्याच्याकडे मोठी माणसं फार उरलेली नाहीत.

"तिचं पहिलं तिकीट?" शैला हिशेब सोडेना.

"आईबापांच्या मागे राहिलेले पैसे," अभय म्हणाला. "आई अंथरुणाला खिळलेली. तिशीपर्यंत हिने तिचं केलं. 1892 साली काही आठवड्यांच्या अंतराने दोघं गेली आणि पुढच्या वर्षी ही आफ्रिकेत."

मंजिरी म्हणाली, "डर्व्हला मर्फीचंही असंच. आयर्लंडमधलं लिस्मोर गाव. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, आईला बघायला. 1962 साली आई गेली आणि 63 च्या जानेवारीत ही सायकलवर टांग मारून दिल्लीच्या वाटेला." ती जरा थांबली. "घरातलं कुणीतरी गेल्याशिवाय बाईला उंबरा ओलांडता येत नाही, असं दिसतंय. त्या तिकिटाचे पैसे कुठल्या खात्यात धरायचे, शैला?"

मंजिरीच्या सासूबाई कित्येक वर्षं अंथरुणावर होत्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. बापूसुद्धा तलावाकडे बघत बसला.

वातावरण हलकं करायला म्हणून नंदूने अलेक्झांड्रा डेव्हिड-नीलचं नाव काढलं. पंचावन्नाव्या वर्षी, 1924 साली, भिकारणीच्या वेशात चोरून ल्हासात शिरलेली फ्रेंच बाई. नवऱ्याला सांगितलं दीड वर्षात येते, आली चौदा वर्षांनी. मधल्या काळात पैसे तोच पाठवत होता.

"बघा, नवरा!" बापूला उधाण आलं.

"बापू," शैला शांतपणे म्हणाली, "मागच्या वर्षी तू युरोप करून आलास. स्वित्झर्लंडमध्ये पुरणपोळी खाल्ल्याचे फोटो टाकलेस. ते पैसे कुठले?"

"वहिनींच्या ग्रॅच्युइटीचे," नंदूने परस्पर सांगून टाकलं.

हशा झाला. बापूही हसला, पण हटला नाही. आता तो मराठीवर आला. "या सगळ्या गोऱ्या. आपल्यातली एक तरी सांगा, जिच्याकडे ना नवरा, ना इस्टेट, ना सरकार."

हा प्रश्न विचारायला नको होता. मंजिरी वाटच बघत होती.

पंडिता रमाबाई. लहानपण आईबापांबरोबर तीर्थं पायी तुडवण्यात गेलं, पुराणं सांगत. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. मग भावाबरोबर पुन्हा पायी, कलकत्त्यापर्यंत. भाऊ गेला. लग्न केलं, दीड-दोन वर्षांत पटकीने नवरा गेला. पंचविशीत, कडेवर लहान मुलगी आणि 1883 साली इंग्लंडला. त्या वाटखर्चासाठी 'स्त्रीधर्मनीति' हे स्वतःचं पुस्तक विकून पैसे उभे केले. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. व्याख्यानं दिली, इंग्रजीत पुस्तक लिहून विकलं, विधवांच्या शाळेसाठी बॉस्टनला मंडळ उभं करून दहा वर्षांच्या मदतीचं वचन घेतलं. परत आल्या आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू. त्याच वर्षाअखेर मराठीत 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'.

"त्यात त्या स्वतः किती कमी दिसतात, वाचून बघ," मंजिरी म्हणाली. "काय खाल्लं, कुठे थंडी वाजली, हे थोडकंच. राज्य कसं चालतं, मुलींच्या शाळा कशा आहेत, बायका मंडळ काढून पैसे कसे जमवतात, हे पानंच्या पानं. आणि ज्यांच्याकडून मदत घेतली त्यांच्या देशाने मूळच्या लोकांचं काय केलं, काळ्यांना कसं वागवलं, तेही सोडलं नाही."

"हे अभयच्या विरुद्ध जातं," मी म्हणालो. "तिकीट त्यांचं, नजर आपली."

"विरुद्ध नाही जात," अभय म्हणाला. "मराठीत लिहिलं ना? बॉस्टनमध्ये कोण वाचणार होतं?" याला उत्तर देता येईल, पण तेव्हा सुचलं नाही.

इरावतीबाई कर्वे यांच्या 'वाटचाल'वर आणखी थोडी झटापट झाली. पंढरीची वारी म्हणजे प्रवास का, असा नंदूचा प्रश्न. मला विचाराल तर मराठीतलं ते सर्वांत धारदार प्रवासवर्णन आहे आणि त्याला तिकीटच लागत नाही. एकाच वाटेने, एकच अभंग म्हणत चाललेली माणसं जेवायला जातवार वेगळी बसतात, हे बाईंना खुपतं आणि तरीही त्या चालत राहतात. इराणला जाऊन हे लिहिणं सोपं असतं.

भेळवाला आवरायला लागला तेव्हा शैलाने शेवटचं खातं उघडलं. साहेबांच्या मुलांना सांभाळायला बोटीवरून विलायतेला जाणाऱ्या आया. काही जणींनी समुद्र इतक्या वेळा ओलांडला की इडा फायफर लाजावी. तिथे पोचल्यावर मालकिणीने हात वर केले तर लंडनमध्ये त्यांच्यासाठी खास 'आयांचं घर' होतं, आधी अल्डगेटला, मग हॅकनीत. तिकीट दुसऱ्याचं, परतीची खात्री नाही.

"पण लिहिलं काय त्यांनी?" बापू म्हणाला. "लिहिलंच नाही तर लेखिका कसल्या?"

"लिहायला शिकवलं होतं का कुणी?"

"ते वेगळं. विषय लेखिकांचा चाललाय."

"विषय तिकिटाचा चाललाय. तूच काढलास."

यावर दोघं बराच वेळ भांडली, आणि तिथे मी बापूच्या बाजूने होतो. कुणाला न विचारता यादीत ओढायचं आणि मग तिच्या नावाने आपणच उसासे टाकायचे, हे मला पटत नाही. शैलाला हे अजिबात मान्य नाही.

उठता उठता बापूने हळूच विचारलं, "ते रमाबाईंचं पुस्तक आहे का गं कुणाकडे?"

"माझ्याकडे आहे," मंजिरी म्हणाली. "आधी माझं 'दक्षिणरंग' परत कर."