विश्वाचा रंग: वडगावच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

विश्वातला सगळा प्रकाश एकत्र केला तर तो मोतिया दिसेल, असं सांगणारा ‘विश्वाचा रंग मोतिया’ हा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं असं, की जांबोटीच्या रस्त्याला रात्री गाडी थांबवून वर बघितलं तर सगळं काळंकुट्ट दिसतं. शिवाय ज्यांनी आधी हिरवट सांगितला आणि दोन महिन्यांत शब्द फिरवला, त्या शास्त्रज्ञांपेक्षा कुडमुडे जोशी बरे. सूत रंगवण्यात उभा जन्म गेलेला माणूस हे बोलतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

काळ्याचं आधी उरकू. विश्वाचं वय साधारण १३.८ अब्ज वर्षं. फार लांबच्या ताऱ्यांचा उजेड इथवर पोचायला तेवढा वेळ पुरलेलाच नाही, म्हणून मधल्या जागा काळ्या राहतात. पण तिथे प्रकाश नाही एवढंच त्यातून कळतं. जो प्रकाश आहे तो सगळा एकत्र केला तर डोळ्याला कसला दिसेल, हा वेगळा प्रश्न.

तो मोजला ऑस्ट्रेलियात. सायडिंग स्प्रिंगच्या ३.९ मीटरच्या दुर्बिणीला एका वेळी चारशे ऑप्टिकल फायबर जोडता यायचे, एकेका दीर्घिकेवर, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहावर, एकेक रोखलेला. असे दोन लाखांवर दीर्घिकांचे वर्णपट, म्हणजे प्रकाशात कुठला रंग किती याच्या नोंदी, जमले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कार्ल ग्लेझब्रुक आणि आयव्हन बाल्ड्री यांनी त्यांची बेरीज केली. दीर्घिका लांब पळताना प्रकाश तांबडा होतो, तो फरक काढून टाकला, म्हणजे निघताना जसा होता तसा धरला. मग या बेरजेला माणसाचा डोळा काय म्हणेल, ते कॉम्प्युटरला विचारलं. जानेवारी २००२ मध्ये उत्तर आलं फिकट हिरवट-निळं. पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलं. मार्चमध्ये दुरुस्ती आली: मोतिया.

आता तुमचा राग इथे आहे, तर नेमकं काय बदललं ते बघा की. दुर्बिणीचं एकही माप बदललं नाही. वर्णपट तोच, बेरीज तीच. चूक होती ‘पांढरं कशाला म्हणायचं’ यात. त्या प्रोग्रॅममध्ये पांढऱ्याचं जे माप घातलं होतं, ते नेहमीच्या प्रमाणाचं नव्हतं. खडेबाजारातल्या दुकानात ट्यूबलाइटखाली पसंत केलेली साडी बाई पायरीवर नेऊन उन्हात धरते आणि ‘हा रंग नव्हे ओ’ म्हणते, तेव्हा सूत बदललेलं नसतं. एका लॉटची शेड दुसऱ्याला लागत नाही म्हणून कुठल्या उजेडात बघितली ते तुम्हीच आधी विचारत असाल. यांनी तेच विचारलं, आणि रंगशास्त्रातल्या जाणकारांनी खोट दाखवल्यावर चारचौघांत मान्य केलं. कुडमुडे जोशी एवढं करतात का?

‘याचा उपयोग काय’ हेही विचारलंत. खरं तर रंग ही त्यांची गंमत होती, डोळा होता तो ताऱ्यांच्या जन्मावर. मोठे तरुण तारे निळे, प्रचंड तापलेले, आणि लवकर जळून संपतात. तांबूस, लहान तारे अब्जावधी वर्षं धुमसत राहतात. एकेकाळी नवे तारे भराभर जन्मत होते, तेव्हा विश्वाचा सरासरी रंग निळसर होता. ती भरती आता ओसरलीय, म्हणून मोतियावर आलाय, आणि पुढे तांबूसच होत जाणार. हे मला रंगाच्या नावापेक्षा कितीतरी जास्त आवडतं. (नाव त्यांनी कॉफीवरून ठेवलं, ‘कॉस्मिक लाटे’. चहावाल्या आपल्याला काय त्याचं!)

शेवटी तुम्ही थोडं टोमण्यानेच लिहिलंय, ‘शेड द्या, एक तागा रंगवून बघतो’. घ्या, स्क्रीनच्या मापात (प्रत्येक रंग ० ते २५५): लाल २५५, हिरवा २४८, निळा २३१. फोनवर बघणार असाल तर रात्रीचा पिवळा मोड आधी बंद करा, नाहीतर तो अजून पिवळट दिसेल आणि बोलणी मलाच बसतील.