रिकामा जॅकही लाइन बिघडवतो : ‘स्प्लिटरच्या नादी लागू नका’ या मेसेजला उत्तर

डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट, वापरणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतो आहे. ‘पूर्ण घराचा एकच स्प्लिटर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात,’ असं त्याचं म्हणणं. स्प्लिटर म्हणजे लाइनवरचं बोलणं आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी. त्यात पाच मुद्दे आहेत : स्प्लिटरमुळे सिग्नल वाटला जातो आणि वेग निम्मा होतो, प्रत्येक फोनला छोटा फिल्टर लावला की तेच काम होतं, नव्या मोडेममध्ये फिल्टर आतच असतो, रिकाम्या जॅकचा काही त्रास नाही, आणि वायर कुठलीही, कशीही जोडली तरी चालते. मला हा मेसेज तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाने तो वाचून चांगला चाललेला स्प्लिटर काढून ठेवला आणि मग ‘नेट सारखं का जातं?’ म्हणून मलाच फोन केला. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

‘स्प्लिटरने वेग निम्मा होतो’

हा गोंधळ शब्दामुळे झाला आहे. टीव्हीच्या केबलला लावतात तो स्प्लिटर खरोखरच सिग्नल वाटतो. दोन तोंडांचा असेल तर प्रत्येक तोंडाला साधारण साडेतीन डेसिबल कमी मिळतात, म्हणजे निम्म्याहूनही थोडी कमी शक्ती. डीएसएलचा स्प्लिटर मात्र वाटणी करत नाही, निवड करतो. पीठ चाळताना कोंडा वर राहतो आणि पीठ खाली पडतं. त्यात पीठ निम्मं होत नाही. बोलणं 300 ते 3400 हर्ट्झमध्ये चालतं. डीएसएलचा जुना प्रकार एडीएसएल 25 किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होऊन 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत जातं, एडीएसएल2+ 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत आणि त्याहून नवं व्हीडीएसएल2 बहुतेक ठिकाणी 17 मेगाहर्ट्झपर्यंत. दोघांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा आहे. स्प्लिटरमध्ये फोनच्या वाटेवर कॉइल आणि कपॅसिटर असतात, ते वरच्या फ्रिक्वेन्सी अडवतात. मोडेमची वाट एक तर सरळ आरपार असते, किंवा तिच्यावर लाइनचं 48 व्होल्टचं डीसी अडवण्यापुरते कपॅसिटर असतात. मोडेमच्या वाट्याचं कापलं जाईल असं त्यात काहीच नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. एका जॅकचे दोन जॅक करणारं स्वस्त अडॅप्टरसुद्धा ‘स्प्लिटर’ म्हणूनच विकलं जातं. त्याच्या आत फक्त समांतर जोडलेल्या तारा असतात, फिल्टर नसतो. खऱ्या स्प्लिटरवर ‘लाइन’, ‘फोन’ आणि ‘डीएसएल’ किंवा ‘मोडेम’ अशी तीन वेगळी नावं असतात. ती नसतील तर तो घेऊ नका.

‘प्रत्येक फोनला छोटा फिल्टर लावला की तेच काम होतं’

घरात एखाद-दुसराच फोन असेल आणि वायरिंग छोटं असेल, तर हे बरोबर आहे. तिथे छोटा फिल्टर पुरतो आणि मी स्वतःही तोच सुचवेन.

पण घरात पाच-सहा उपकरणं लाइनवर असतील तर? प्रत्येक फिल्टरमधले कपॅसिटर लाइनला समांतर येतात. चार-पाच फिल्टर झाले की बोलण्यावर परिणाम दिसू लागतो : आवाज दबका येतो, कधी समोरच्याचा नंबर दिसत नाही. शिवाय फिल्टर लावायला उपकरण आठवलं तर पाहिजे! आमच्याकडे फोनची रिंग वाजली की मोडेमचा दिवा लुकलुकायला लागायचा आणि मिनिटभर नेट गायब व्हायचं. सगळ्या फोनना फिल्टर लावले, तरी तेच. शेवटी कपाट सरकवलं तेव्हा मागच्या जॅकमध्ये येणाऱ्या कॉलचा नंबर दाखवणारी जुनी डबी सापडली. तिचा डिस्प्ले कधीच मेला होता, तरी ती लाइनवर होतीच, फिल्टरशिवाय. रिंगचा करंट म्हणजे 20-25 हर्ट्झचा, 75 व्होल्टच्या वरचा एसी. अशा डबीतून तो गेला की तिच्यातले भाग वरच्या फ्रिक्वेन्सीत गोंगाट तयार करतात. स्प्लिटर असता तर ती डबी कपाटामागे कितीही वर्षं पडून राहिली असती तरी मोडेमला तिचा पत्ता लागला नसता.

खरा फरक इथेच आहे. छोटा फिल्टर फोनला बाजूला काढतो. स्प्लिटर घरातलं अख्खं वायरिंग बाजूला काढतो.

‘रिकाम्या जॅकचा काही त्रास नाही’

पाचही मुद्द्यांत सगळ्यात पसरलेला आणि सगळ्यात चुकीचा समज हाच आहे. जॅकमध्ये काही लावलेलं नाही, पण भिंतीतली वायर तर लाइनला जोडलेलीच आहे. डीएसएलच्या दृष्टीने ती टोक उघडं असलेली फांदी आहे. सिग्नल तिच्यात शिरतो, उघड्या टोकावर आपटतो आणि परत येतो. फांदीची लांबी एखाद्या फ्रिक्वेन्सीच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढी असली, की जाऊन-येऊन अर्धा तरंग होतो. परतलेला सिग्नल मूळ सिग्नलच्या नेमका उलटा पडतो आणि त्या फ्रिक्वेन्सीला लाइनमध्ये खड्डा तयार होतो.

आकडा काढून बघा. तांब्याच्या जोडीत सिग्नल सेकंदाला साधारण 20 कोटी मीटर जातो. 25 मीटरची फांदी असेल तर खड्डा 2 मेगाहर्ट्झला पडतो, म्हणजे एडीएसएल2+ च्या वरच्या टोकाजवळ. 10 मीटरची असेल तर 5 मेगाहर्ट्झला, आणि पुन्हा तिप्पटीवर, 15 ला. हे दोन्ही व्हीडीएसएलच्या पट्ट्यात येतात. 3 मीटरची फांदीसुद्धा 17 मेगाहर्ट्झच्या जवळ जाऊन बसते. ‘इतकी वर्षं याच वायरिंगवर नेट छान चालत होतं’ असं म्हणणाऱ्यांना याच्यात उत्तर आहे : जुन्या एडीएसएलला त्या आखूड फांद्या दिसतच नव्हत्या. लाइन व्हीडीएसएलवर गेली आणि त्याच फांद्या आड आल्या.

डीएसएल आपला पट्टा 4.3125 किलोहर्ट्झच्या अरुंद गल्ल्यांत वाटतं आणि प्रत्येक गल्लीतून एका वेळी जास्तीत जास्त 15 बिट पाठवतं. सिग्नल आणि गोंगाट यांतलं अंतर साधारण 3 डेसिबलने घटलं, की त्या गल्लीतला एक बिट जातो. खड्ड्याच्या आसपास अशा कितीतरी गल्ल्या असतात. नेट बंद पडत नाही, नुसता वेग मरतो, आणि म्हणून कुणाचा संशय वायरिंगवर जात नाही.

त्यात हीच फांदी अँटेनाचंही काम करते. मध्यम लहरींचं रेडिओ प्रक्षेपण 530 ते 1600 किलोहर्ट्झच्या आसपास चालतं, म्हणजे थेट एडीएसएल आणि एडीएसएल2+ च्या पट्ट्यात. घरभर पसरलेली तार जे काही पकडते ते मोडेमच्या कानात जातं.

‘नव्या मोडेममध्ये फिल्टर आतच असतो’

असतो, पण तो मोडेमला बोलण्याच्या आवाजापासून वाचवतो. फोनला आणि फोनमुळे लाइनवर होणाऱ्या परिणामाला तो काहीच करू शकत नाही. स्प्लिटरशिवाय चालावं म्हणून 1999 मध्ये जी.लाइट नावाचं हळू एडीएसएल आलं होतं. त्याचा वरचा वेग दीड मेगाबिट होता, आणि तरीही प्रत्यक्षात बऱ्याच घरांत फिल्टर लावावेच लागले. लाइनवर फोनच नसेल, फक्त इंटरनेट असेल, तर मात्र स्प्लिटरची गरज नाही. तेव्हा बाकीचं वायरिंग सोडवून लाइन सरळ मोडेमला न्यायची.

‘वायर कुठलीही, कशीही जोडा’

जोडीतल्या दोन तारा उलट-सुलट झाल्या तर डीएसएलला फरक पडत नाही. मेसेजमधलं तेवढं खरं. पण ‘कुठलीही’ हे खोटं. फोनची चपटी, पीळ नसलेली वायर लांबवर नेली की बाहेरचा गोंगाट तिच्यात सहज शिरतो. जोडीचा पीळ नेमका तो रोखण्यासाठीच असतो.

स्वतः जोडणार असाल तर लाइन घरात शिरते त्या डबीपाशी सुरुवात करा. कंपनीच्या बाजूच्या स्क्रूंना हात लावू नका. तुमच्या बाजूला आधी घराचं सगळं वायरिंग लाइनपासून सोडवा, आणि लाइनचा प्लग काढून ठेवा, कारण तार हातात असताना रिंग आली तर चांगलाच झटका बसतो. मग लाइन स्प्लिटरच्या ‘लाइन’ टर्मिनलला द्या. घरातल्या सगळ्या जॅकच्या जोड्या एकत्र करून ‘फोन’ला जोडा. ‘डीएसएल’पासून मोडेमपर्यंत कॅट5ई (नेटवर्कच्या पीळ दिलेल्या वायर) ची एकच जोडी, मध्ये कुठेही फाटा न काढता. टर्मिनलपाशी पीळ एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. बरेच जण इथे बोटभर तार मोकळी सोडतात. दमट जागा असेल तर जेल भरलेले कनेक्टर वापरा. तारांवर चिठ्ठ्या चिकटवा, पुढच्या वेळी डबी उघडणारा माणूस बहुधा तुम्हीच असाल. फोन लावणारा अलार्म घरात असेल तर तो ‘फोन’च्या बाजूला, बाकी सगळ्या फोनच्या आधी यायला हवा, म्हणजे गरजेच्या वेळी तो लाइन ताब्यात घेऊ शकतो. आणि स्प्लिटर बसवल्यावर जुने छोटे फिल्टर काढून टाका. ते ठेवून फायदा नाही, आवाज मात्र उगाच दबतो.

स्प्लिटर विकत घेताना तो व्हीडीएसएलसाठी आहे का ते बघा. फक्त एडीएसएलसाठी बनवलेला 17 मेगाहर्ट्झला नीट अडवेलच असं नाही. लाइन आयएसडीएनची (जुन्या डिजिटल फोनची) असेल तर स्प्लिटरही वेगळा लागतो, कारण तिथे डीएसएल 138 किलोहर्ट्झच्या वर सुरू होतं.

पण पैसे खर्च करण्याआधी एक करा. घराचं वायरिंग सोडवून मोडेम लाइनच्या डबीतल्या टेस्ट जॅकला लावा आणि मोडेमच्या सेटिंग्जच्या पानावरचे सिंक स्पीड (लाइनवर मिळालेला वेग), एसएनआर मार्जिन (गोंगाटापुढे सिग्नलला उरलेली मोकळीक) आणि सीआरसी एररचे (बिघडून आलेल्या डेटाचे) आकडे लिहून घ्या. मग मोडेम नेहमीच्या जागी लावून तेच आकडे पुन्हा बघा. दोन्हीकडे सारखे आले तर तुमच्या घरातलं वायरिंग चांगलं आहे, स्प्लिटर घेऊ नका. मार्जिन दोन-चार डेसिबलने पडलेलं दिसलं, तर ते कुठे गेलं हे तुम्हाला आता माहीत आहे.